ब्राउझरचा शोध पळवणारी एक्सटेन्शन्स मुळासकट कशी काढावीत

ब्राउझरच्या अॅड्रेस बारमध्ये एखादा शब्द लिहून एंटर दाबावे, क्षणभर कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता झळकावा आणि निकाल मात्र भलत्याच सर्च इंजिनवर उघडावेत, हे शोध पळवला गेल्याचे सर्वांत ठळक लक्षण होय. त्याच्या जोडीला होमपेज बदललेले असते आणि नवा टॅब उघडला की जाहिरातींनी भरलेले एखादे पान समोर येते. अशा वेळी बहुतेक माणसे सेटिंग्जमध्ये जाऊन सर्च इंजिन पुन्हा पूर्वीसारखे करतात आणि काम झाले असे समजतात. पुढच्या खेपेस ब्राउझर उघडला की जुने दुखणे जागच्या जागी असते. सेटिंग हा केवळ परिणाम आहे. ते बदलणारा घटक, म्हणजे अनेकदा एखादे एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा कार्यक्रम), दुसरीकडे बसलेला असतो आणि ब्राउझर सुरू होताच किंवा ठरावीक वेळाने तो आपले म्हणणे पुन्हा लादतो. म्हणून पुढे दिलेला क्रम नेहमीच्या सवयीच्या उलट आहे: आधी बदल कोण करतो ते शोधावे, मग संगणकाकडून ब्राउझरकडे येत त्याचे सर्व आधार काढावेत आणि सर्च इंजिनच्या सेटिंगला हात सर्वांत शेवटी लावावा.

हे घडते कसे आणि कशासाठी

यामागचा हेतू जवळजवळ नेहमी पैसा हाच असतो. सर्च इंजिने आपल्याकडे शोध आणून देणाऱ्या भागीदारांना जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा देतात. शोध पळवणारे एक्सटेन्शन तुमचा शब्द आधी स्वतःच्या सर्व्हरकडे पाठवते, तेथे त्याची नोंद होते आणि मग तो याहू किंवा बिंगसारख्या खऱ्या सर्च इंजिनकडे सोपवला जातो. शेवटी दिसणारे पान अस्सलच असल्यामुळे अनेकांना बरेच दिवस काही बिघडले आहे याची शंकाही येत नाही. परंतु मधल्या टप्प्यावर तुम्ही काय शोधता याची यादी परक्याच्या हाती जाते. एक्सटेन्शनला ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी मिळालेली असेल तर तुम्ही उघडलेल्या प्रत्येक पानाचा मजकूरही त्याला दिसू शकतो.

सर्च इंजिन, होमपेज आणि नव्या टॅबचे पान बदलण्याची सोय क्रोमने एक्सटेन्शनना अधिकृतपणेच दिलेली आहे. तिचा प्रामाणिक उपयोगही होतो. एखाद्या सर्च इंजिनचे स्वतःचे एक्सटेन्शन नेमके हेच करते. गैरप्रकार सुरू होतो तो पीडीएफ बदलून देण्याचे किंवा हवामान दाखवण्याचे आमिष दाखवून हे बदल गुपचूप गळी उतरवले जातात तेव्हा. मे 2014 पासून विंडोजवरील क्रोममध्ये सामान्य वापरकर्त्याला वेब स्टोअर या क्रोमच्या अधिकृत दुकानाबाहेरची एक्सटेन्शन्स सहजासहजी बसवता येईनाशी झाली. तेव्हापासून या धंद्यातील मंडळींकडे मुख्यतः दोन वाटा उरल्या: दुकानातच निरुपद्रवी वेशात शिरणे किंवा कार्यालयांना सर्व संगणकांवर नियम लादता यावेत यासाठी असलेल्या ‘पॉलिसी’ यंत्रणेचा दुरुपयोग करून एक्सटेन्शन सक्तीने बसवणे. दुसरी वाट काढून टाकायला अधिक चिवट असते आणि तिच्याकडे आपण पुढे सविस्तर येणारच आहोत.

तिसरा एक मार्गही आहे आणि तो सावध माणसालाही चकवतो. वर्षानुवर्षे विश्वासाने वापरलेले एक्सटेन्शन त्याचा निर्माता दुसऱ्या कोणाला विकतो, नवा मालक एखाद्या अद्ययावतीकरणात हवा तो मजकूर घुसडतो आणि ते अद्ययावतीकरण आपोआप सर्वांच्या संगणकावर उतरते. न वापरले जाणारे टॅब गोठवून मेमरी वाचवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्सटेन्शन 2020 मध्ये असेच नव्या हातांत गेले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. त्यामुळे ‘मी तर अलीकडे काहीच बसवलेले नाही’ हा युक्तिवाद तपास थांबवण्यास पुरेसा नाही.

काही काढण्यापूर्वी निदान

प्रथम ब्राउझर स्वतः काय सांगतो ते वाचावे, कारण पुष्कळदा गुन्हेगाराचे नाव तेथेच लिहिलेले असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ हा विभाग उघडल्यावर अमुक एक्सटेन्शन या सेटिंगवर नियंत्रण ठेवत आहे अशी ओळ आणि तिच्याशेजारी ‘डिसेबल’ हे बटण दिसले, तर तपास तेथेच संपतो. त्याऐवजी छोट्या इमारतीचे चिन्ह दिसत असेल, किंवा तीन ठिपक्यांच्या मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असे लिहिलेले असेल आणि संगणक तर तुमचा खासगी असेल, तर पॉलिसीचा दुरुपयोग झालेला असण्याची शक्यता आहे. काही अँटिव्हायरस कार्यक्रमही स्वतःच्या कामासाठी पॉलिसी लिहितात, म्हणून ही ओळ दिसताच घाबरून जाऊ नये. संगणक कार्यालयाचा किंवा महाविद्यालयाचा असेल तर मात्र येथेच थांबावे आणि तेथील संगणक विभागाला कळवावे. त्या पॉलिसी त्यांनीच लावलेल्या असू शकतात.

ब्राउझरने काहीच सांगितले नाही तर दोन छोट्या चाचण्या कराव्यात. क्रोममध्ये एक नवे, रिकामे प्रोफाइल (स्वतःची वेगळी सेटिंग्ज आणि एक्सटेन्शन्स असलेला कप्पा) तयार करावे, त्यात कोणत्याही खात्याने साइन इन करू नये आणि एखादा शब्द शोधून पाहावा. नव्या प्रोफाइलमध्ये शोध नीट चालत असेल तर दोष जुन्या प्रोफाइलमधील एक्सटेन्शनचा किंवा सेटिंगचा आहे आणि काम सोपे आहे. नव्या प्रोफाइलमध्येही तोच प्रकार घडत असेल तर कारण ब्राउझरच्या बाहेर, म्हणजे पॉलिसी, शॉर्टकट, प्रॉक्सी (इंटरनेटची ये-जा मधल्या सर्व्हरमार्फत नेणारी सेटिंग) किंवा एखादा बसवलेला कार्यक्रम यांत शोधावे. त्यानंतर हीच तपासणी दुसऱ्या ब्राउझरमध्ये करावी. तेथेही शोध वळवला जात असेल तर संपूर्ण संगणकाला लागू होणाऱ्या गोष्टी, विशेषतः प्रॉक्सीची सेटिंग्ज, आधी पाहावीत.

तयारी

सर्वप्रथम सिंक, म्हणजे एकाच खात्याचे सर्व संगणक एकसारखे ठेवणारी ब्राउझरची सोय, बंद करावे. एक्सटेन्शन्स आणि सेटिंग्ज खात्याबरोबर सर्व संगणकांवर फिरतात. एका संगणकावरून काढलेले एक्सटेन्शन दुसऱ्या संगणकावरील प्रतीमुळे परत येऊ शकते. काम पूर्ण होईपर्यंत सिंक बंद ठेवल्यास हा फेरा तुटतो. दुसरे म्हणजे, पळवलेल्या सर्च इंजिनवरच ‘हे कसे काढावे’ असे शोधू नये. अशा शोधात वर येणाऱ्या ‘रिमूव्हल टूल’च्या जाहिराती हा त्याच धंद्याचा दुसरा हात असू शकतो. मोफत तपासणी करून शेकडो ‘धोके’ दाखवणाऱ्या आणि मग ते काढण्यासाठी पैसे मागणाऱ्या कार्यक्रमांपासून तर दूरच राहावे. या लेखातील कोणत्याही पायरीसाठी एक पैसाही लागत नाही. एखादे साधन हवेच असेल तर त्याच्या निर्मात्याचा पत्ता हाताने टाइप करून किंवा दुसऱ्या निर्दोष उपकरणावरून ते मिळवावे.

संगणकावरील आधार काढणे

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडून ‘अॅप्स’ या विभागातील बसवलेल्या कार्यक्रमांची यादी पाहावी आणि ती बसवल्याच्या तारखेनुसार लावावी. त्रास ज्या सुमारास सुरू झाला त्या दिवसांतील नोंदी नीट वाचाव्यात. मोफत कार्यक्रमांबरोबर ‘शिफारस केलेली’ जोड म्हणून आलेले टूलबार, ‘सर्च असिस्टंट’, अनोळखी पीडीएफ साधने, ड्रायव्हर अद्ययावत करून देण्याचा दावा करणारे कार्यक्रम आणि कधी क्रोमसारखाच दिसणारा दुसराच ब्राउझर येथे सापडतो. नाव ओळखीचे नाही एवढ्याच कारणाने काहीही काढू नये, कारण ध्वनी किंवा ग्राफिक्ससाठी आवश्यक असलेल्या कार्यक्रमांची नावेही अनोळखीच असतात. निर्माता आणि तारीख या दोन्ही गोष्टी संशयास्पद असतील तर तो कार्यक्रम अनइन्स्टॉल करावा.

नंतर टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ची यादी आणि टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी कार्यक्रम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) तपासावे. काढलेले एक्सटेन्शन संगणक पुन्हा सुरू केल्यावर परत येत असेल तर बहुधा टास्क शेड्युलरमध्ये त्याची एखादी नेमणूक असते. 2022 मध्ये पसरलेल्या ‘क्रोमलोडर’ या घातक कार्यक्रमाची पद्धत हीच होती: पायरेटेड खेळ किंवा चित्रपट म्हणून उतरवलेल्या डिस्क प्रतिमेतून (संपूर्ण डिस्क सामावलेल्या एका फाइलमधून) तो संगणकात शिरत असे, शेड्युलरमध्ये एक काम नोंदवत असे आणि पॉवरशेल या लेखी आज्ञा चालवणाऱ्या विंडोजच्या साधनाच्या मदतीने शोध वळवणारे एक्सटेन्शन क्रोममध्ये पुन्हा पुन्हा घुसवत असे. शेड्युलरमधील एखादे काम दर काही मिनिटांनी पॉवरशेल चालवत असेल आणि त्यात न वाचता येणारा लांबलचक मजकूर असेल, तर ते आधी अक्षम करावे, परिणाम पाहावा आणि मग पुसावे.

शॉर्टकट तपासायला फार वेळ लागत नाही, पण ही पायरी हटकून विसरली जाते. डेस्कटॉपवरील आणि टास्कबारवरील ब्राउझरच्या चिन्हाचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘टार्गेट’ ही चौकट पाहावी. साधारणपणे त्यातील मजकूर ब्राउझरच्या ईएक्सई फाइलच्या नावापाशी आणि त्यापुढील अवतरणचिन्हापाशी संपतो. त्यापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता किंवा ‘लोड एक्सटेन्शन’ अशा अर्थाची सूचना जोडलेली असेल तर तेवढाच भाग खोडावा; शंका असल्यास शॉर्टकट पुसून नवा बनवावा. वेगळे प्रोफाइल दाखवणारी सूचना मात्र क्रोम स्वतःच जोडतो, तिला हात लावू नये. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमधील ‘प्रॉक्सी’ विभागात तुम्ही न लिहिलेला पत्ता असेल तर तोही काढावा.

पॉलिसी: सर्वांत चिवट गाठ

पॉलिसी ही मोठ्या संस्थांसाठी केलेली सोय आहे. शेकडो संगणकांवर कोणते एक्सटेन्शन असावे आणि सर्च इंजिन कोणते असावे हे संस्थेला एका ठिकाणाहून ठरवता यावे आणि कर्मचाऱ्याला ते बदलता येऊ नये, हा तिचा उद्देश आहे. नेमके हेच गुण शोध पळवणाऱ्यांच्या कामाला येतात. पॉलिसीने बसवलेल्या एक्सटेन्शनसमोर ‘रिमूव्ह’ हे बटण नसते किंवा ते निष्प्रभ असते आणि ते प्रशासकाने बसवले असल्याची सूचना दिसते. अशा एक्सटेन्शनशी ब्राउझरच्या आत कितीही झटापट केली तरी ते हटत नाही.

क्रोमच्या अॅड्रेस बारमध्ये इंग्रजी लिपीत क्रोम हा शब्द, त्यानंतर अपूर्णविरामाचे चिन्ह, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी हा शब्द लिहून एंटर दाबल्यास लागू असलेल्या सर्व पॉलिसींचा तक्ता उघडतो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये क्रोमच्या जागी एज लिहावे. त्यात ‘एक्सटेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’, ‘डिफॉल्ट सर्च प्रोव्हायडर’ने सुरू होणारी नावे, ‘होमपेज लोकेशन’ किंवा ‘रिस्टोअर ऑन स्टार्टअप’ यांपैकी काही आहे का ते पाहावे. फोर्सलिस्टसमोर बत्तीस इंग्रजी अक्षरांची एक ओळख दिलेली असते. ती उतरवून घ्यावी, कारण पुढे तिच्या आधारे एक्सटेन्शन कोणते ते ओळखता येते.

विंडोजमध्ये या पॉलिसी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि कार्यक्रमांची सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीत, लिहिलेल्या असतात. रजिस्ट्री एडिटर प्रशासकाच्या अधिकाराने उघडून ‘लोकल मशीन’ या मूळ शाखेखालील सॉफ्टवेअर, त्याखाली पॉलिसीज, त्याखाली गूगल आणि त्याखाली क्रोम या कप्प्यापर्यंत जावे. काहीही पुसण्यापूर्वी फाइल मेनूतील ‘एक्स्पोर्ट’ वापरून त्या कप्प्याची प्रत जपून ठेवावी. रजिस्ट्रीत चुकीची नोंद पुसली गेल्यास ती पूर्ववत करण्याचे बटण नसते. तक्त्यात दिसलेल्या संशयास्पद नोंदी येथे काढाव्यात आणि ‘करंट युजर’ या शाखेखालील तशाच कप्प्यातही पाहावे. याखेरीज सॉफ्टवेअर, गूगल, क्रोम, एक्सटेन्शन्स असा पॉलिसीबाहेरचा एक कप्पा असतो; बाहेरील कार्यक्रम तेथे नोंद करून वेब स्टोअरमधील एक्सटेन्शन सुचवू शकतात, म्हणून तोही रिकामा आहे ना ते तपासावे. नंतर पॉलिसीच्या पानावर ‘रिलोड पॉलिसीज’ दाबून तक्ता मोकळा झाला का ते पाहावे.

खोडलेल्या नोंदी पुन्हा उगवत असतील तर त्या विंडोजच्या ग्रुप पॉलिसीमार्फत येत आहेत असे समजावे. विंडोजच्या सिस्टिम 32 या फोल्डरमधील ‘ग्रुप पॉलिसी’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये त्यांची मूळ फाइल असते. खासगी संगणकावर, तुम्ही स्वतः तेथे काहीही ठरवलेले नसल्याची खात्री असेल तर त्या फोल्डरमधील मजकूर दुसरीकडे हलवून संगणक पुन्हा सुरू करावा. ही पायरी ज्याला अवघड वाटते त्याने जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच ती करावी.

मॅकवर पॉलिसीचे काम ‘कॉन्फिगरेशन प्रोफाइल’ करते. सिस्टिम सेटिंग्जमधील शोधचौकटीत प्रोफाइल्स असे शोधावे. खासगी मॅकवर सहसा असे एकही प्रोफाइल नसते. तुम्ही न बसवलेले प्रोफाइल दिसल्यास ते निवडून काढावे, नंतर अॅप्लिकेशन्समधील अनोळखी कार्यक्रम काढावेत आणि लायब्ररीतील ‘लाँच एजंट्स’ या फोल्डरमध्ये त्याच नावाच्या फाइली राहिल्या आहेत का ते पाहावे.

आता एक्सटेन्शन, मग सेटिंग

एवढे झाल्यावर एक्सटेन्शन्सचे पान उघडावे. जे ओळखता येत नाही, जे कशासाठी ठेवले ते आठवत नाही आणि ज्याला सर्व संकेतस्थळांची परवानगी आहे पण ज्याच्या कामाला तिची गरज नाही, ते सर्व काढावे. या पानावरील ‘डेव्हलपर मोड’ सुरू केल्यास प्रत्येकाची बत्तीस अक्षरी ओळख दिसते आणि पॉलिसीच्या तक्त्यातून उतरवलेल्या ओळखीशी ती जुळवता येते. कोणावर संशय घ्यावा हेच कळत नसेल तर सगळी बंद करावीत आणि शोध करून पाहत एकेक पुन्हा सुरू करावे. हे काम कंटाळवाणे असले तरी विकले गेलेले जुने एक्सटेन्शन पकडण्याचा याहून खात्रीचा घरगुती उपाय नाही.

यानंतरच सेटिंग्जकडे वळावे. क्रोममध्ये हवे ते सर्च इंजिन डिफॉल्ट करावे आणि मग सर्च इंजिनांच्या यादीतील अनोळखी नोंद पुसावी. डिफॉल्ट असलेली नोंद पुसता येत नाही, म्हणून हाच क्रम पाळावा लागतो. ‘ऑन स्टार्टअप’ आणि होम बटण यांतील पत्तेही तपासावेत. सगळे एकदम मूळपदावर आणायचे असेल तर ‘रीसेट सेटिंग्ज’ वापरावे. त्याने एक्सटेन्शन्स बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात, त्यामुळे संकेतस्थळांवर पुन्हा लॉगिन करावे लागते. मात्र बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड शाबूत राहतात. जुन्या मार्गदर्शिकांत क्रोममधील ‘हार्मफुल सॉफ्टवेअर शोधा’ या सोयीचा उल्लेख आढळतो, परंतु ती मार्च 2023 मध्ये आवृत्ती 111 पासून काढून टाकण्यात आली, म्हणून ती शोधत बसू नये.

फायरफॉक्समध्ये ‘अॅड-ऑन्स’च्या पानावरून एक्सटेन्शन काढता येते. न जमल्यास मदत मेनूतून ‘ट्रबलशूटिंग’ची माहिती उघडून ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ निवडावे. त्याने एक्सटेन्शन्स आणि बदललेली सेटिंग्ज जातात, पासवर्ड व बुकमार्क राहतात आणि जुन्या माहितीचा एक फोल्डर डेस्कटॉपवर ठेवला जातो. सफारीमध्ये सेटिंग्जमधील ‘एक्सटेन्शन्स’मधून तेच करावे, तेथे एक्सटेन्शन एखाद्या अॅपचा भाग म्हणून येते, त्यामुळे ते अॅप पुसल्याशिवाय एक्सटेन्शन पुरते जात नाही.

खात्री आणि नंतरची कामे

हाताने केलेल्या सफाईनंतर एक स्वयंचलित तपासणी करणे शहाणपणाचे. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ‘ऑफलाइन स्कॅन’ पुरेशी समर्थ आहे. शोध पळवणाऱ्या आणि जाहिराती घुसवणाऱ्या कार्यक्रमांसाठी मालवेअरबाइट्स या कंपनीचे ‘अॅडडब्ल्यूक्लीनर’ हे मोफत साधनही उपयोगी पडते. विंडोज सिक्युरिटीमधील ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ या विभागात नको असलेली अॅप्स अडवण्याची सोय सुरू आहे ना तेही पाहावे. संगणक पुन्हा सुरू करून शोध तपासावा आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा तपासावा.

काढलेल्या एक्सटेन्शनला सर्व पाने वाचण्याची परवानगी होती असे आढळल्यास ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत. मात्र सफाईनंतरच, अन्यथा नवा पासवर्डही त्याच हाती पडेल. त्याच वेळी ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्यायही वापरावा, कारण चोरलेल्या सत्राला, म्हणजे आधीच चालू असलेल्या लॉगिनला, पासवर्ड लागत नाही.

कोपऱ्यात सतत उगवणाऱ्या ‘व्हायरस सापडला’ अशा खिडक्या सफाईनंतरही येत असतील तर तो बहुधा एक्सटेन्शनचा दोष नसून तुम्ही कधीतरी नकळत ‘अलाऊ’ दाबलेल्या संकेतस्थळाच्या सूचना असतात. साइट सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन त्या संकेतस्थळाची परवानगी काढावी. अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्ये एक्सटेन्शन्स चालतच नाहीत, म्हणून फोनवर असा त्रास असल्यास आधी या सूचना आणि अलीकडे बसवलेली अॅप्स पाहावीत.

त्याच खात्याचे इतर संगणक असतील तर प्रत्येकावर वरील तपासणी करावी आणि सर्व निर्दोष ठरल्यावरच सिंक पुन्हा सुरू करावे. एक्सटेन्शन वेब स्टोअरमधून आलेले असेल तर त्याच्या पानावरून त्याची तक्रारही नोंदवावी. तक्रारीत शोध कोणत्या पत्त्यावरून वळवला जात होता हे नेमके लिहिल्यास तपासणाऱ्याला तोच प्रकार स्वतः करून पाहता येतो.